रोड बाईकचं मागचंच चाक सारखं पंक्चर होतंय? आधी भोक बघा, मग टायरची रुंदी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो. गेल्या पावसाळ्यात त्या आकड्यांच्या शेजारी मी बारीक अक्षरात 'प' लिहायला लागलो. जुलै-ऑगस्ट मिळून सात 'प' झाले तेव्हा बायकोनं विचारलं, "एवढं पनीर कोणी खाल्लं?"

प म्हणजे पंक्चर. सातही मागच्या चाकाचे.

सायकल सात वर्षं जुनी, ॲल्युमिनियम फ्रेमची, रिम ब्रेकवाली (ब्रेकची रबरं थेट रिमला लागतात ती) रोड बाईक. टायर ७०० × २५, म्हणजे २५ मिमी रुंद. माझं वजन ८४ किलो. रोज सकाळी नाशिकच्या इंदिरानगरहून निघून गंगापूर रोडनं दुगाव, गिरणारे आणि परत, रविवारी त्र्यंबक. दोष कुणाचा हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं: रस्त्याचा. सिंहस्थाच्या कामांसाठी शहर जागोजागी उकरलेलं, खड्ड्यांत पाणी, आणि खड्डा दोन बोटं आहे की वीतभर हे आत गेल्याशिवाय कळत नाही. नवी ट्यूब टाकायची, रस्त्याला चार शिव्या हासडायच्या, पुढे निघायचं. पण ज्या रस्त्यावरून मागचं चाक जात होतं त्याच रस्त्यावरून पुढचंही जात होतं की! टायर तोच, हवा तेवढीच, आणि ते एकदाही बसलं नाही. सातव्या पंक्चरपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नाही.

सातव्या वेळी जवळच्या ट्यूब संपल्या होत्या, म्हणून त्र्यंबक रोडवरच्या एका पंक्चरवाल्याकडे सायकल ढकलत नेली. रोड बाईकचा तो बारीक प्रेस्टा वाल बघून त्यानं तोंड वाकडं केलं, पण माझ्याच हातपंपानं ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवली. बुडबुड्यांच्या दोन रांगा, अगदी शेजारी शेजारी.

"काका, हा काटा नाही. चाक आपटलंय. हवा कमी हाणता तुम्ही."

"कमी कुठे? ८० पीएसआय असते." (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप.)

"मग टायर बारीक पडतो तुम्हाला."

दोन्ही वाक्यं बरोबर होती, आणि खरं तर ती एकच गोष्ट सांगत होती. ते समजायला मला पुढे दोन महिने आणि दोन चुकीचे टायर लागले.

भोक काय सांगतं

पंक्चर झालं की ट्यूब फेकू नका आणि घाईनं पॅचही लावू नका. आधी हवा भरून भोक शोधा. टायर बसवताना त्यावरचा छाप नेहमी वालच्या समोर येईल असा बसवायची सवय ठेवा. म्हणजे ट्यूबवर भोक सापडलं की टायरवर ती जागा कुठे हे वालपासून वीत मोजून काढता येतं. ट्यूब कोणत्या बाजूनं घातली होती तेवढं लक्षात ठेवायचं.

साप चावल्यासारखी दोन भोकं, एकमेकांच्या समोर, साधारण रिमच्या रुंदीच्या अंतरावर असतील, तर चाक कशावर तरी आपटून टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली. यावर पंक्चररोधक टायर, महाग टायर, कशाचाही उपयोग नाही. टायरमध्ये हवा कमी होती किंवा तुमच्या वजनाला टायरच कमी होता. कधी कधी एकच भोक असतं, पण बारीक चिरेसारखं आणि ट्यूबच्या बाजूला. तेही याच घराण्यातलं.

बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे, टाचणीएवढं एकच भोक असेल तर काटा किंवा तार. इथे रुंदी बदलून फरक पडत नाही. गिरणारे, मखमलाबादकडे बाभळीचा काटा आणि सराटा, महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघालेल्या केसासारख्या तारा. ही तार डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला लागली तर रक्त काढते. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, धागे जिथे अडकतील तिथे ती आहे. ती काढली नाही तर नवी ट्यूब वेशीपर्यंतही पोहोचत नाही. पावसात असली पंक्चर वाढतात, कारण ओल्या रबरात काच आणि काटा सहज घुसतो.

आतल्या बाजूला, रिमकडे भोक असेल तर रिमपट्टी (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे आणि ट्यूब त्या भोकात फुगून फाटते आहे. वालच्या मुळाशी फाटत असेल तर वालची चकती फार आवळलेली असते किंवा पंप लावताना वाल हलवला जातो. ही दोन्ही पाच मिनिटांची कामं, टायरशी संबंध नाही.

माझ्या सात ट्यूब मी टाकल्या नव्हत्या (घरात अडगळ करण्याचा हा एक फायदा). सगळ्या फुगवून पाहिल्या. पाच जोडभोकांच्या, एक तारेची, आणि एक मी स्वतः टायर चढवताना पट्टीनं चिमटलेली.

८० हवा पुढच्या चाकाला पुरते, मागच्याला का नाही

मी ८४ किलो, सायकल १०, पाणी-हत्यारं-पंप धरून ३. एकूण ९७. रोड बाईकवर बसल्यावर यातलं साधारण ५५ ते ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं. म्हणजे मागे ५६ किलो, पुढे ४१. खड्डा दिसला की हात आपोआप सैल पडतात, पुढचं चाक हलकं होऊन निघून जातं. मागचं मात्र आपल्या बुडाखाली पोत्यासारखं आपटतं.

टायर रस्त्याला किती जागेत टेकतो याचं गणित सोपं आहे: वजन भागिले हवेचा दाब. ५६ किलो आणि ८० पीएसआयला ही जागा सुमारे १० चौरस सेंटिमीटर येते. काडेपेटीच्या निम्म्याहून थोडी मोठी, बस. हा आकडा टायर २५ असो की ३२, जवळपास तोच राहतो. बदलतो तो आकार. अरुंद टायरखाली ही जागा लांबट आणि चिंचोळी होते आणि तेवढी लांबी मिळवायला टायरला जास्त दबावं लागतं. रुंद टायरखाली ती आखूड आणि पसरट होते, म्हणून टायर कमी दबतो. शिवाय रुंद टायर उंचही असतो, रिमपर्यंत अंतर जास्त. २५ वरून २८ वर गेलं की आतली हवेची जागा चौथाईनं वाढते, ३२ वर गेलं की जवळजवळ दोन तृतीयांशानं.

सायकलच्या टायरांवर वर्षानुवर्षं काम केलेले अमेरिकन अभियंते फ्रँक बर्टो यांनी एक अंदाज दिला होता: वजन पडल्यावर टायरची उंची १५ टक्के दबली की हवा योग्य. २५ च्या टायरला ते फार तर ४ मिमी. माझ्या मागच्या चाकाला त्यासाठी ११० च्या आसपास पीएसआय लागली असती. पुढच्याला ८०. म्हणजे पुढचं चाक योगायोगानं बरोबर होतं आणि मागचं उपाशी.

मग मागे निदान १०० का भरली नाही? भरली की! दोन दिवस. गंगापूर रोडवरच्या गतिरोधकांनी आणि सिमेंटच्या सांध्यांनी मणक्याचा एक-एक मणी मोजून दाखवला. ८० ला ट्यूब चिमटते, १०० ला माणूस. माझ्या वजनाला, माझ्या रस्त्याला, २५ मध्ये मधली जागाच नव्हती. टायरची रुंदी निवडायची म्हणजे एवढंच बघायचं: रिमही वाचेल आणि पाठही वाचेल अशी हवा ज्या रुंदीत भरता येते, ती आपली. हवेचा विचार बाजूला ठेवून रुंदी ठरवता येत नाही.

माझ्या मुलीचं वजन ५४ किलो. तिच्याही सायकलला २५ चेच टायर. मागे ७५, पुढे ६५ भरते आणि वर्षात तिच्या नावावर एक पंक्चर, तेही सराट्याचं. "बाबा, टायर बदलू का मीपण?" असं तिनं विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. तिला गरज नाही.

बारीक टायर पळतो, ही समजूत

२०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. त्यानंतर आपल्या शहरात वाकड्या हँडलच्या सायकली भराभर वाढल्या, माझीही त्याच लाटेतली. तेव्हा सगळे सांगायचे, जितका बारीक टायर तितका वेग. २३ म्हणजे शर्यतवाला, २८ म्हणजे दूधवाला.

टायर तपासायच्या यंत्रातल्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर बारीक टायर कडक फुगवला की तो छान पळतो, हे खरं. रस्ता ड्रम नाही. टायर फिरताना रबर आणि कापड दबून पुन्हा उलगडतं, त्यात काही ताकद जाते. आणि टायर फार कडक असला की प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघं वर उचलले जातात, त्यात आणखी जाते. खडबडीत रस्त्यावर ही दुसरी गळती पहिलीपेक्षा मोठी होते. व्यावसायिक शर्यतींतही २३ कधीच मागे पडला. २८ आता तिथे नेहमीचा झाला आहे आणि पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर ३० किंवा त्याहून रुंद. देवळाली कॅम्पातल्या बऱ्या रस्त्यावर तुम्हाला २५ गोड लागेल. पेठ रोडला लागलात की गोडी उतरते.

चूक पहिली: सरळ ३२ घेतला

उत्साहात ३२ आणला. दुकानदारानं सायकल न बघताच सांगितलं, "बसतो साहेब, ७०० आहे ना?" बसला खरा. हवा भरेपर्यंत.

भरल्यावर टायर वर ब्रेकच्या कमानीला घासायला लागला. खाली, पॅडलच्या मागे जिथे फ्रेमच्या दोन नळ्या जवळ येतात, तिथे एका बाजूला कागद जाईल एवढी फट. दुकानासमोर दोन चकरा मारल्या तेव्हा काही वाटलं नाही. गिरणाऱ्याच्या अलीकडे ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेला काळ्या मातीचा चिखल लागला आणि अर्ध्या किलोमीटरात चाक जाम. काडीनं चिखल कोरत बसलो. फ्रेमवर तिथे रंग उडालेला आहे, अजून दिसतो.

फट मोजायला कॅलिपर लागत नाही. ४ मिमीची ॲलन की (एल आकाराची षटकोनी चावी) घ्या. आत्ता जो टायर आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी, वर ब्रेकखाली, पुढे चिमट्यात, मागे खालच्या नळ्यांत, सगळीकडे ती सहज फिरली पाहिजे. स्पोक तुटून चाकाला आउट आला, म्हणजे ते डुलत फिरायला लागलं, तरी घासू नये आणि चिखलाला वाट मिळावी, यासाठी एवढी जागा हवीच. २५ च्या टायरबरोबर तुमची ६ मिमीची ॲलन कीही दोन्ही बाजूंनी जात असेल तर २८ खुशाल घ्या, कारण रुंदी ३ मिमीनं वाढली की प्रत्येक बाजूची फट दीड मिमीनंच कमी होते. वर ब्रेककडे मात्र उंचीची वाढ पूर्ण लागते, तिथे ७ ची जागा बघा. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत बहुतेक वेळा अडतं ते तिथेच. डिस्क ब्रेकच्या अलीकडच्या सायकलींत ३२ आरामात बसतो, तरी आधी मोजा.

छापलेल्या आकड्यावरही फार विसंबू नका. टायर किती फुलतो हे रिमच्या आतल्या रुंदीवर ठरतं. माझ्या रिमची आतली रुंदी १५ मिमी. तिच्यावर २८ चा टायर २७ भरला. तोच टायर मित्राच्या १९ मिमीच्या रिमवर साडेअठ्ठावीसच्या पुढे गेला. आणि नवा टायर हवा भरून एक रात्र ठेवल्यावर मोजा, तो थोडा सैलावतो. १५ च्या रिमवर ३२ टाकला तर त्याचा आकार विजेच्या बल्बसारखा होतो, वळणावर तो डुलतो. म्हणजे फट असती तरी तो माझ्यासाठी नव्हताच.

चूक दुसरी: "अठ्ठावीसचा टायर द्या"

हे नाशिकच्या कुठल्याही जुन्या सायकल दुकानात घडू शकतं, म्हणून सविस्तर लिहितो. ३२ परत केला आणि दुसऱ्या एका दुकानात जाऊन म्हटलं, अठ्ठावीसचा टायर द्या. गल्ल्यावरच्या आजोबांनी मुलाला हाक मारली, मुलानं माळ्यावरून एक दणकट काळा टायर काढला, कागदात गुंडाळला, मी घरी आणला. चढवायला घेतला तर रिमवर सैल, नेसूचं धोतर सुटल्यासारखा.

तो २८ × १ १/२ होता. काळ्या उभ्या सायकलचा, आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेला २८ इंची. त्यांची चूक नाही. त्यांच्या दुकानात अठ्ठावीस म्हणजे व्यास, रुंदी नव्हे.

टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आडव्या रेघेनं जोडलेले दोन आकडे असतात, ते वाचा. पहिला रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड बाईकला दुसरा आकडा ६२२ पाहिजे. म्हणजे २५-६२२, २८-६२२, ३२-६२२. त्या काळ्या सायकलच्या टायरवर ६३५ असतं. जुन्या परदेशी रेसर सायकलींच्या २७ इंची टायरवर ६३० असतं, तोही चालत नाही, जरी हाताला सारखाच वाटला. '७००' हा आकडा तर टायरच्या बाहेरच्या व्यासाचा जुना फ्रेंच अंदाज आहे आणि त्याच्यामागचा 'सी' त्याच पद्धतीतला. आता त्याचा टायरच्या खऱ्या मापाशी फारसा संबंध उरलेला नाही. दुकानात जाताना म्हणा: "२८-६२२, रोड बाईकचा." फोनवर जुन्या टायरच्या बाजूचा फोटो काढून नेलात तर बोलायचीही गरज नाही.

२८ बसला, तरी पुन्हा जोडभोकं

शेवटी बरोबर टायर आला. पहिल्या रविवारी अंजनेरीपर्यंत लोण्यातून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी खंबाळ्याच्या अलीकडे फुस्स. भोकं दोन.

या वेळी दोष निखळ माझा. कुणीतरी सांगितलं की रुंद टायर कमी हवेवरच छान, म्हणून मागे ६५ भरली होती, तीही गुरुवारी. साध्या ब्युटाइल ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपते, आणि एवढ्या छोट्या टायरमध्ये आठवड्याभरात फरक सहज दिसतो. रविवारी साठच्या खालीच असणार.

आता मागे ८२. म्हणजे जवळपास तीच ८०, जिनं २५ मध्ये पाच ट्यूब खाल्ल्या. आकडा तोच, टायर ३ मिमीनं मोठा, एवढ्यावर भांडण मिटलं. निघायच्या दिवशी सकाळी पंप लावतोच. अंगठ्यानं दाबून बघण्यात अर्थ नाही, ६० आणि ९० अंगठ्याला सारखेच कडक लागतात. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात, त्यामुळे आपला आकडा आपल्याच पंपावर ठरवावा. ७५ ते ९० किलोच्या माणसाला २८ मध्ये मागे ७६ ते ८५ आणि पुढे पाच ते दहा कमी, इथून सुरुवात करा. रस्ता वाईट म्हणून दोनदोननं उतरा. रिम आपटल्याचा 'ठक' आवाज आला की परत वर. टायरवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नसतो, ती हद्द असते.

थंडीत एक गंमत. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा आपल्याकडेही पहाटे १० अंशांपर्यंत उतरतं. दर १० अंशांना या दाबावर साधारण ३ पीएसआय कमी-जास्त होते. गरम खोलीत हवा भरून पहाटे निघालात तर तेवढी धरून चाला. उन्हाळ्यात उलट, पण सायकल बंद गाडीत दुपारभर ठेवली नाही तर काळजीचं कारण नाही.

काही सुटी कामं. ट्यूबच्या खोक्यावर ७०० × १८-२५ असेल तर २८ साठी ती ताणली जाऊन पातळ होते, २५-३२ वाली घ्या. सायकलवरच्या वेग-अंतर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये चाकाचा परीघ बदला: २५ साठी २१०५ मिमी, २८ साठी २१३६, ३२ साठी २१५५, नाहीतर अंतर कमी दाखवेल. फुगलेला २८ ब्रेकच्या रबरांमधून निघत नाही, ब्रेकवरची छोटी कळ उघडून चाक काढा आणि बसवल्यावर ती बंद करायला विसरू नका. मी एकदा विसरलो, सोमेश्वरच्या उतारावर आठवलं.

नव्या सायकलींच्या काही रिमना आत कडेला टायर धरून ठेवणारा वाकडा ओठ, म्हणजे हुक, नसतो. त्यांना हुकलेस म्हणतात. तुमची तशी असेल तर वरचे माझे आकडे वापरू नका. तिथे ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही वरची हद्द आहे आणि टायर ट्यूबलेसच, तोही त्या रिमला चालतो असं लिहिलेलाच लागतो. जड माणसानं अशा रिमवर २८ घेऊन ८२ भरणं म्हणजे टायर उडवायला बोलावणं. तिथे ३० किंवा ३२ घ्या. ट्यूबलेसमध्ये ओतलेलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) सराट्याचं भोक जागच्या जागी भरतं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ते वाळतं, दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं.

माझं वजन ७० असतं तर मी २५ वरच थांबलो असतो का? नाही. इथल्या रस्त्यांवर, मुलीसारखा हलका माणूस सोडला तर, २८ पासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, आणि नवी सायकल घेणार असाल तर ३२ बसेल अशीच घ्या. रुंद टायर एकाच चाकाला टाकणार असाल तर तो मागे टाका.

पुढचा टायर माझा अजून २५ चाच आहे. त्यात ८० भरतो, तो कुरकुर करत नाही. झिजून मधे सपाट पट्टा दिसायला लागला की बदलीन. दिवाळीपासून कॅलेंडरवर दोन 'प' आहेत: एक सराटा, आणि एक, बायकोच्या अक्षरात, खरंच पनीर.